मेरुरज्जूचे वर्णन पुरे, आता मोजमाप हवे

मानेच्या किंवा पाठीच्या एमआरआय तपासणीचा अहवाल हाती आला, की त्यात काही ठरावीक अर्थाचे शब्द हमखास आढळतात: 'किंचित दाब', 'सौम्य क्षीणता', 'मेरुरज्जू बारीक भासतो'. भारतातील लहानमोठ्या शहरांत अशा तपासण्या रोज होत असतात. त्यासाठी वापरले जाणारे यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते. दीड टेस्ला शक्तीच्या यंत्रातील चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. प्रतिमेतील प्रत्येक बिंदूमागे एक संख्या दडलेली असते. एवढा खटाटोप करून रुग्णाच्या हाती पडते ते मात्र एक विशेषण. 'किंचित' म्हणजे नेमके किती? गतवर्षीचे 'किंचित' आणि यंदाचे 'किंचित' एकच आहे, की मधल्या काळात काही गमावले गेले? या प्रश्नांना अहवालात उत्तर नसते.

वैद्यकाच्या इतर शाखांनी ही अवस्था केव्हाच मागे टाकली आहे. हृदयाची पंपशक्ती टक्क्यांत सांगितली जाते. मधुमेहावरील नियंत्रण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्याने ठरते. हाडांची घनताही संख्येत येते. मेरुरज्जूसारखा, एकदा नष्ट झाला की पुन्हा जवळजवळ न उगवणारा अवयव मात्र अजूनही विशेषणांच्या हवाली आहे. भारतीय वैद्यकाने आणि विज्ञानसंस्थांनी ही स्थिती बदलण्याची वेळ आली आहे, आणि ती बदलण्यासाठी लागणारी बहुतेक साधने आज उपलब्ध आहेत.

मेरुरज्जू म्हणजे मेंदूच्या तळापासून निघून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारा चेतातंतूंचा जुडगा. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४२ ते ४५ सेंटिमीटर असते आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास तो संपतो. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मेंदूत करडे द्रव्य बाहेरच्या थरात आणि श्वेत द्रव्य आत असते. मेरुरज्जूत याच्या उलट मांडणी आहे. मध्यभागी फुलपाखराच्या आकाराचे करडे द्रव्य आणि त्याच्या सभोवती श्वेत द्रव्य. हातापायांना जाणारी प्रत्येक आज्ञा, तळव्यांकडून येणारी प्रत्येक जाणीव आणि मूत्राशयावरचा ताबा या सर्वांची वाट येथूनच जाते. एवढा वाहता मार्ग असूनही मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी त्याची रुंदी सुमारे १२ मिलिमीटर आणि पुढून मागे जाडी सुमारे ८ मिलिमीटर भरते. आडव्या छेदाचे क्षेत्रफळ अदमासे ७५ चौरस मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून फारसे मोठे नाही.

या लहानशा छेदात काय मोजता येते? पहिले आणि सर्वांत सोपे माप म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ. चेतातंतू नष्ट होऊ लागले की रज्जू बारीक होतो आणि क्षेत्रफळ घटते. दुसरे माप करड्या द्रव्याचे: योग्य प्रकारची प्रतिमा घेतली तर फुलपाखराची आकृती वेगळी उठून दिसते आणि तिचे क्षेत्रफळ स्वतंत्रपणे काढता येते. तिसरे माप पाण्याच्या हालचालीचे. चेतातंतूंच्या आत आणि सभोवती पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडव्या दिशेने मात्र त्यांना अडथळा होतो. ही दिशाबद्धता शून्य ते एक या दरम्यानच्या अंकाने व्यक्त करता येते. तंतूंची वीण विस्कटली की हा अंक सहसा उतरतो. चौथे माप मायलिनचे, म्हणजे तंतूंवरील स्निग्ध आवरणाचे. या आवरणातील मोठ्या रेणूंना चिकटलेल्या पाण्याची चुंबकीय अवस्था मोकळ्या पाण्याकडे किती प्रमाणात संक्रमित होते, यावरून आवरणाच्या स्थितीचा अंदाज बांधता येतो.

ही मापे प्रयोगशाळेची चैन आहे असे कोणास वाटू शकेल. परंतु ज्या व्याधींत त्यांचा उपयोग आहे, त्या भारतीय रुग्णालयांतील नित्याच्या व्याधी आहेत. वय वाढते तशी मानेतील चकती झिजते, हाडाच्या कडा वाढतात आणि मेरुरज्जूवर दाब येतो. अनेक वयस्कर व्यक्तींच्या प्रतिमेत असा दाब दिसतो, पण त्यांना कोणतीही तक्रार नसते. काहींच्या बाबतीत मात्र बोटांची कुशलता हळूहळू जाते, सदऱ्याची गुंडी लावणे अवघड होते, चाल अडखळते. शस्त्रक्रिया आता करावी की थांबावे, हा येथील कळीचा प्रश्न. दाबाखालील छेदाचे क्षेत्रफळ त्याच रुग्णाच्या वरच्या व खालच्या निरोगी छेदांशी ताडून पाहिले आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजले, तर या निर्णयाला काहीएक आधार मिळतो. 'मध्यम दाब' हे दोन शब्द तो आधार देऊ शकत नाहीत.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे दुसरे उदाहरण. हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिजन्य पदार्थांतून मिळते. त्यामुळे शाकाहारी आणि दूधदुभते बेताचे असलेल्या आहारात त्याची उणीव संभवते. उणीव दीर्घकाळ राहिली तर मेरुरज्जूच्या मागील व बाजूच्या श्वेत द्रव्याचे आवरण झडू लागते. पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. उपचार स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण उशीर झाल्यास काही हानी कायमची राहते. निदान अर्थातच रक्ततपासणीने आणि रुग्णाच्या तपासणीने होते. मात्र इंजेक्शने सुरू झाल्यावर मागील स्तंभ किती सावरला आणि किती सावरला नाही, हे सांगण्याची क्षमता मोजमापात आहे.

तिसरे उदाहरण मल्टिपल स्क्लेरोसिसचे. या विकारात मेंदूतील डाग मोजण्यावर अनेक वर्षे भर होता. पण डागांची संख्या आणि रुग्णाचे अपंगत्व यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे संशोधकांच्या ध्यानात आले. मानेतील मेरुरज्जूचे क्षेत्रफळ आणि अपंगत्व यांचा संबंध अधिक निकटचा आढळला. या रुग्णांत ते क्षेत्रफळ दरवर्षी सरासरी दीड ते दोन टक्क्यांनी घटते. सरासरी पावणेदोन टक्के धरली, तर ७५ चौरस मिलिमीटरमधून वर्षाला जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटर जातो.

खरी अडचण याच आकड्यात आहे. समजा, प्रतिमेतील पिक्सेलची बाजू अर्धा मिलिमीटर आहे. मग संपूर्ण छेद सुमारे ३०० पिक्सेलांत मावतो. छेदाचा परीघ सुमारे ३२ मिलिमीटर. मोजणाऱ्याने किंवा संगणकाने सीमारेषा केवळ अर्धा पिक्सेल, म्हणजे पाव मिलिमीटर बाहेर आखली, तर क्षेत्रफळ आठ चौरस मिलिमीटरने, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक फुगते. रोगाने पाच-सहा वर्षांत केलेली झीज एका रेषेच्या चुकीत दडून जाते. छेद रज्जूच्या अक्षाला काटकोनात न घेता २० अंश तिरपा घेतला गेला, तरी क्षेत्रफळ सुमारे सहा टक्के जास्त भरते. हे साधे भूमितीचे गणित आहे. दहावीचा विद्यार्थीही ते करून पाहू शकतो. मेरुरज्जूचे मोजमाप इतकी वर्षे संशोधनातच का अडकून राहिले, याचे उत्तर बऱ्याच अंशी या गणितात आहे.

त्यात शरीर स्वस्थ राहत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मेरुद्रव हेलकावतो आणि रज्जूही मिलिमीटरच्या अंशाने हलतो. श्वास घेताना फुप्फुसांतील हवेचे प्रमाण बदलते आणि मानेपर्यंतचे चुंबकीय क्षेत्र थरथरते. रुग्ण आवंढा गिळतो. हाड, द्रव आणि ऊती यांच्या सीमांवर क्षेत्र विकृत होते. मान थोडी अधिक वाकलेली असेल तर रज्जू ताणला जाऊन त्याचा आकार बदलतो. मेंदूच्या तुलनेत हा अवयव प्रतिमांकनाला कितीतरी अधिक प्रतिकूल आहे.

तथापि या अडचणी आता दुर्लंघ्य राहिलेल्या नाहीत. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा उभी करण्याची रीत प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या काळात मेरुरज्जूसाठी वेगळी साधने घडत गेली. माँट्रियलच्या पॉलिटेक्निक संस्थेतील ज्युलियन कोहेन-अदाद यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी 'स्पायनल कॉर्ड टूलबॉक्स' ही संगणकप्रणाली विकसित केली. ती सर्वांना विनामूल्य खुली आहे. प्रतिमेतून रज्जूची सीमा ती आपोआप आखते, छेदाचा तिरपेपणा दुरुस्त करते आणि मणक्यानुसार क्षेत्रफळ सांगते. ५० निरोगी व्यक्तींच्या प्रतिमांतून 'पॅम-५०' हा प्रमाण नकाशा तयार झाला. २०२१ मध्ये एक सामाईक प्रतिमांकन-पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यासोबत ४२ केंद्रांतील २६० व्यक्तींच्या प्रतिमा खुल्या करण्यात आल्या. एकाच व्यक्तीला १९ केंद्रांत नेऊन मोजण्याचा उपक्रमही त्यात होता. यंत्रे तीन मोठ्या उत्पादकांची होती. यंत्र बदलले तर माप किती बदलते, हे त्यातून प्रथमच एवढ्या व्यापकतेने पाहता आले.

मग भारताने हे तयार आकडे जसेच्या तसे का वापरू नयेत? या ४२ केंद्रांपैकी बहुसंख्य युरोप आणि उत्तर अमेरिकेतील आहेत. मेंदूच्या बाबतीत हा प्रश्न आधीच उपस्थित झाला आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांनी २०१९ मध्ये १०० भारतीय व्यक्तींच्या प्रतिमांवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. पाश्चात्त्य नकाशाच्या तुलनेत सरासरी भारतीय मेंदूची उंची, रुंदी आणि आकारमान कमी असल्याचे त्यात आढळले. यात बुद्धिमत्तेचा काही संबंध नाही. संबंध आहे तो मापनाच्या पायाशी. मेरुरज्जूचे क्षेत्रफळ पुरुषांत स्त्रियांपेक्षा सरासरीने अधिक असते आणि मेंदूच्या आकारमानाशीही ते काही अंशी निगडित असते. अशा वेळी परक्या लोकसंख्येची सरासरी लावली, तर एखाद्या निरोगी भारतीय स्त्रीचा रज्जू 'क्षीण' ठरू शकतो. आणि मुळात रुंद रज्जू लाभलेल्या एखाद्या रुग्णाची खरी झीज 'सामान्य' या शिक्क्याखाली झाकली जाऊ शकते. दुसरी चूक अधिक घातक आहे.

काही व्याधींचे स्वरूपच असे आहे, की त्यांच्यासाठी मोजमापाची रीत येथेच घडायला हवी. जपानमध्ये हिरायामा यांनी १९५९ मध्ये तरुणांच्या हाताचे स्नायू एका बाजूने वाळत जाण्याचा विकार वर्णिला. भारतातही तो आढळतो. बंगळूरुच्या निम्हान्समधील डॉ. एम. गौरी देवी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एकाच अवयवाचे स्नायू क्षीण होण्याच्या विकारावर लिहिलेला शोधनिबंध या क्षेत्रात आजही उद्धृत होतो. हिरायामा विकारात मान पुढे वाकवली, की रज्जूभोवतीचे आवरण मागून पुढे सरकते आणि मानेच्या खालच्या भागातील रज्जू चेपला जातो. रुग्ण सरळ मान ठेवून यंत्रात झोपला तर प्रतिमा बव्हंशी निर्दोष दिसू शकते. म्हणजे येथे माप घ्यायचे तर मान कोणत्या कोनात होती, याची नोंद मापाइतकीच महत्त्वाची ठरते. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या हाताची पकड सैल होत असताना 'प्रतिमा सामान्य' असा शेरा येणे म्हणजे गळपट्टा लावून झीज रोखण्याची वेळ निसटू देणे होय.

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातात आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप वेळेचा. रेडिओलॉजिस्टच्या टेबलावर दिवसभरात अनेक तपासण्यांचा ढीग असतो. जिथे अहवाल वेळेवर मिळणेच मुश्कील, तिथे मोजमाप कोण करणार? दुसरा आक्षेप खर्चाचा: अतिरिक्त प्रतिमा म्हणजे यंत्राचा अतिरिक्त वेळ, आणि सार्वजनिक रुग्णालयांत आधीच रुग्णांची रांग लागलेली असते. तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. संख्या एकदा कागदावर उतरली, की तिला नको तेवढे वजन येते. रुग्णाचे प्रतिक्षेप न तपासता, त्याची चाल न पाहता केवळ 'क्षेत्रफळ ६२' पाहून शस्त्रक्रिया सुचवली जाण्याचा धोका खरा आहे.

पहिल्या दोन आक्षेपांना उत्तर असे, की प्रत्येक रुग्णाचे प्रत्येक माप घ्यावे अशी मागणी कोणीच करत नाही. क्षेत्रफळासारखे एक माप, मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर, दीर्घकालीन व्याधी असलेल्या रुग्णांपुरते घेतले तरी मोठी मजल मारता येईल. त्या पातळीवर रज्जूभोवती मेरुद्रवाची जागा ऐसपैस असते आणि चकतीची झीज तुलनेने कमी, म्हणून माप तेथे अधिक विश्वासार्ह येते. सीमा आखण्याचे काम संगणक करतो. तज्ज्ञाने ती रेषा पाहून मान्य करायची किंवा फेटाळायची. तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर संख्या टाळण्यात नाही, संख्येसोबत तिची अनिश्चितता छापण्यात आहे. '७१, अधिक-उणे ३' असे लिहिलेले माप 'किंचित क्षीण' या शब्दांपेक्षा अधिक विनम्र असते, कारण आपली मर्यादा ते स्वतःच सांगते. विशेषणाला चुकीची पट्टी नसते. म्हणूनच ते कधी खोटे ठरत नाही आणि कधी सुधारतही नाही.

संशोधनासाठी याचे मोल वेगळेच आहे. एखादे औषध झीज रोखते का, हे पाहायचे असेल तर किती रुग्ण लागतील, हे मापातील विखुरणीवर अवलंबून असते. परिणाम तेवढाच असताना विखुरणी निम्मी झाली, तर रुग्णांची गरज सुमारे एक चतुर्थांशावर येते. ज्या देशात वैद्यकीय चाचण्यांचा निधी मर्यादित आहे, तिथे काटेकोर माप म्हणजे थेट पैशांची आणि वर्षांची बचत. भारतीय रुग्णांवर, भारतीय प्रश्नांसाठी चाचण्या व्हाव्यात असे वाटत असेल, तर सुरुवात औषधापासून न करता मोजपट्टीपासून करावी लागेल.

ही मोजपट्टी घडवण्याचे मार्गही डोळ्यांसमोर आहेत. एक मार्ग आधीच काढलेल्या प्रतिमांतून जातो. ब्रिटनच्या यूके बायोबँकमधील प्रतिमा मेंदूसाठी काढलेल्या होत्या. पण त्यांच्या खालच्या कडेला मानेचा वरचा भाग आलेला असल्याने संशोधकांनी त्यावरून मेरुरज्जूचे क्षेत्रफळ मोजले. भारतातही मोठी दीर्घकालीन सर्वेक्षणे चालू आहेत. बंगळूरुच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर येथील ग्रामीण वृद्धांचा अभ्यास हे त्यांपैकी एक. अशा अभ्यासांतील मेंदूच्या प्रतिमांत मानेचा दुसरा-तिसरा मणका येत असेल, तर एकही नवी तपासणी न करता भारतीय मापांचा पहिला अंदाज हाती येऊ शकतो. येत नसेल, तर प्रतिमेची चौकट थोडी खाली सरकवण्याचा निर्णय आजही घेता येईल.

दुसरा मार्ग यंत्रापाशी सुरू होतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या 'समीर' या संस्थेच्या पुढाकाराने दीड टेस्ला शक्तीचे स्वदेशी एमआरआय यंत्र घडवण्यात आले असून, त्याच्या वैद्यकीय चाचणीसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. स्वदेशी यंत्राची चर्चा बहुतेक वेळा किमतीभोवती फिरते. किंमत महत्त्वाची आहेच; पण यंत्र स्वस्त असणे आणि यंत्र मोजण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणित प्रतिमांकन-पद्धती, ज्ञात मापांच्या नमुन्यावर नियमित पडताळणी आणि खुल्या स्वरूपातील कच्ची माहिती या तीन गोष्टी आरंभापासून यंत्रात गुंफल्या, तर भारतीय यंत्र पुढे जाऊन मोजमापाचे साधन बनेल. नंतर त्या जोडणे अवघड आणि खर्चिक असते.

तिसरा मार्ग माहितीच्या देवाणघेवाणीचा आहे. देशातील रुग्णालयांत प्रतिमांचे डोंगर साठले आहेत, परंतु ते एकमेकांशी बोलत नाहीत. डोके आणि मान यांच्या प्रतिमेवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, त्यामुळे चेहऱ्याचा भाग पुसून, नाव-गाव काढून आणि रुग्णाची संमती घेऊनच ही माहिती एकत्र आणली पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याकडे अडथळा म्हणून पाहण्याचे कारण नाही; विश्वासाशिवाय असा संग्रह टिकणारच नाही.

या कामात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वाव आहे, हेही नमूद करणे आवश्यक आहे. खुली प्रणाली, खुल्या प्रतिमा आणि एक साधारण संगणक एवढ्यावर भौतिकशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणकशास्त्राचा पदवीधर मेरुरज्जूचे क्षेत्रफळ मोजू शकतो. तीच प्रतिमा तीन वेळा मोजून तीन उत्तरे का आली, याचा शोध घेऊ शकतो. मोजमापाचे शास्त्र शिकण्यासाठी याहून चांगली पाठशाळा क्वचितच सापडेल, कारण येथे प्रत्येक अर्ध्या पिक्सेलला कोणाच्या तरी पायातील बळाचा अर्थ आहे.

मेरुरज्जूची झीज बहुधा गाजावाजा करत नाही. ती वर्षाला एखाद्या चौरस मिलिमीटरने चालते आणि जाणवते तेव्हा बरेच काही गेलेले असते. रुग्ण दोन वर्षांनी पुन्हा तपासणीला येतो, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या तज्ज्ञापुढे. त्या वेळी जुन्या अहवालात केवळ 'किंचित' असेल, तर नव्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि मधली दोन वर्षे पुराव्यावाचून वाया जातात. जुन्या अहवालात एक संख्या, ती घेण्याची रीत आणि तिची चुकीची पट्टी असेल, तर ती दोन वर्षे बोलू लागतात. भारतीय रुग्णाला एवढा हक्क मिळायला हरकत नसावी.